ऐंशीच्या पुढे थरथरणारं स्टेअरिंग

"भाऊ, ऐंशीच्या वर गेली का स्टेअरिंग थरथरून राहिलं. अलाइनमेंट करून द्या." नागपुरात टायरच्या दुकानांसमोर अशी मागणी नेहमी ऐकू येते. तिचं पहिलं वाक्य मोलाचं आहे, कारण त्यात अर्धं निदान आलेलं असतं. दुसरं वाक्य मात्र बहुतेक वेळा चुकीचं ठरतं. अलाइनमेंट बिघडलं तर गाडी एका बाजूला ओढते, टायर एका कडेने झिजतात, पण हातातलं चाक थरथरत नाही. गिऱ्हाइकाने मागितलं म्हणून दुकानदार अलाइनमेंट करून देतो आणि थरथर तशीच राहते. मग टायर बदलले जातात, कुणी शॉकअप बदलायला सांगतं, खर्च वाढत जातो.

हा खर्च टाळता येतो. मशीनला दोष सापडायच्या आधी तो गाडी चालवणाऱ्याला सापडू शकतो, कारण थरथर नेमकी कधी सुरू होते आणि कधी थांबते हे फक्त त्यालाच ठाऊक असतं.

अलीकडे हा प्रश्न जास्त विचारला जातो, आणि त्याचं एक कारण नागपूरच्या वेशीवरच आहे. ११ डिसेंबर २०२२ रोजी समृद्धी महामार्गाचा नागपूर ते शिर्डी हा ५२० किलोमीटरचा टप्पा सुरू झाला. जून २०२५ मध्ये ७०१ किलोमीटरचा पूर्ण रस्ता ठाणे जिल्ह्यातल्या आमण्यापर्यंत खुला झाला. मोटारींना तिथे ताशी १२० किलोमीटरची मुभा आहे. सीताबर्डी, सदर, धरमपेठ एवढ्यात फिरणारी आणि क्वचितच साठीच्या वर जाणारी गाडी महामार्ग जिथे सुरू होतो त्या शिवमडक्याहून या रस्त्याला लागते आणि पहिल्यांदाच दोन-तीन तास सलग शंभरच्या आसपास धावते. शहरात वर्षभर लपून राहिलेला दोष तिथे दहा मिनिटांत हाताला जाणवतो.

१. हात कशाला धरतो?

स्टेअरिंगच्या चाकापासून एक दांडा खाली जातो. त्याच्या टोकाला स्टेअरिंग रॅक असतो. रॅकच्या दोन्ही बाजूंना टाय रॉड, आणि टाय रॉडचं टोक पुढचं चाक ज्यावर बसतं त्या हबला धरणाऱ्या लोखंडी तुकड्याला जोडलेलं. म्हणजे आपण हातात धरतो ते या साखळीचं एक टोक, आणि दुसरं टोक पुढचं चाक. चाक डावी-उजवीकडे जराही थरथरलं तर ती हालचाल टाय रॉडमधून, रॅकमधून थेट तळहातापर्यंत येते.

यातून पहिला नियम निघतो. पुढच्या चाकांचा दोष स्टेअरिंगमध्ये जाणवतो. मागच्या चाकांना स्टेअरिंगशी जोडणारं काहीच नसतं, त्यामुळे त्यांचा दोष सीटमध्ये, पायाखालच्या पत्र्यात, मागे बसलेल्यांच्या पाठीत जाणवतो. गाडी थरथरते आहे असं वाटलं की आधी हे ठरवायचं: हाताला जास्त लागतंय की बुडाला?

दुसरी गोष्ट वेळेची. थरथर एका ठरावीक वेगाला येते का? ब्रेक दाबल्यावरच येते का? अ‍ॅक्सिलरेटर दाबला की येते आणि सोडला की जाते का? गाडी सिग्नलला उभी असतानाही आहे का? या चार प्रश्नांची उत्तरं चार वेगवेगळ्या जागांकडे बोट दाखवतात. सगळ्यात जास्त गाड्या पहिल्या प्रश्नात सापडतात, म्हणून तो आधी आणि सविस्तर घेऊ.

२. तीस ग्रॅमचं किती होतं?

मध्यम मोटारींना १८५/६५ आर १५ मापाचा टायर सर्रास असतो. त्याचा घेर सुमारे १.९५ मीटर. चाक एकदा फिरलं की गाडी एवढं अंतर पुढे जाते. ताशी १०० किलोमीटर म्हणजे सेकंदाला २७.८ मीटर. त्याला १.९५ ने भागलं की उत्तर येतं १४. शंभरच्या वेगाला प्रत्येक चाक सेकंदाला चौदा वेळा फिरत असतं.

आता समजा, रिमच्या कडेला एका जागी ३० ग्रॅम वजन जास्त आहे. गाडी उभी असताना ते कळणारही नाही. चाक फिरू लागलं की तेच वजन चाकाला बाहेरच्या बाजूला खेचतं, आणि ही ओढ वेगाच्या वर्गाने वाढते: वेग दुप्पट, तर ओढ चौपट. १५ इंची रिमच्या कडेला ३० ग्रॅमची ओढ ताशी ५० ला सव्वा किलोहूनही थोडी कमी असते. १०० ला ती साडेचार किलोच्या वर जाते आणि १२० ला साडेसहा किलो ओलांडते. शिवाय ती एका दिशेला स्थिर नसते. चाकाबरोबर फिरत, शंभरच्या वेगाला सेकंदाला चौदा वेळा ती वर-खाली, पुढे-मागे धक्के देते.

शहरात दोष का कळत नाही, याचं उत्तर या वर्गात आहे. बॅलन्सिंग म्हणजे जड जागेच्या समोर तेवढंच वजन लावून ही ओढ फेडणं. रिमच्या बाहेरच्या आणि आतल्या अशा दोन्ही कडांना वजनं लावावी लागतात. फक्त एका कडेला लावली तर चाक वर-खाली उडायचं थांबतं, पण डुलत राहतं, आणि स्टेअरिंगला खरा त्रास या डुलण्याचाच असतो.

३. ऐंशीला सुरू, एकशेदहानंतर कमी

ओढ वेगाबरोबर वाढतच जाते, तर थरथरही वाढत जायला हवी. पण पुष्कळ गाड्यांत ती ऐंशीच्या आसपास सुरू होते, नव्वद-शंभरला कळसाला पोहोचते आणि एकशेदहानंतर चक्क कमी होते. "जरा जोरात पळवली की बरी चालते," असं लोक सांगतात ते खरंच असतं.

झोपाळ्याला झोका देताना तो मागे येईल त्या क्षणी हलका धक्का दिला तर झोका वाढत जातो. घाईने, त्याची लय सोडून धक्के दिले तर कितीही जोर लावा, झोपाळा चढत नाही. पुढचं चाक, त्याला धरणारा आर्म, रबरी बुश, स्प्रिंग या सगळ्यांची मिळून अशीच एक स्वतःची लय असते. बहुतेक मोटारींत ती सेकंदाला दहा ते पंधरा हेलकाव्यांच्या आसपास पडते. ताशी ८० ला चाक सेकंदाला अकरा-साडेअकरा वेळा फिरतं, ११० ला साधारण साडेपंधरा वेळा. या टप्प्यात चाकाचे धक्के आणि जोडकामाची लय जुळते आणि लहानसा दोष मोठा होऊन हातात येतो. पुढे लय सुटते आणि थरथर कमी वाटते. दोष मात्र गेलेला नसतो. चाकावरची ओढ आता आणखी वाढलेली असते आणि तिचा मार बेअरिंग, बॉल जॉइंट आणि टायर खात असतात. थरथर टाळायला वेग वाढवणं हा उपाय नव्हे, हे कळकळीने सांगावंसं वाटतं.

४. वजन बिघडतं कशाने?

विदर्भात एक कारण असं आहे की ते कुठल्याच गाडीच्या पुस्तिकेत ठळकपणे सापडत नाही: काळी माती. पावसाळ्यात शेताच्या बांधावर, ले-आउटच्या कच्च्या रस्त्यावर गाडी गेली की चिकट माती रिमच्या आतल्या बाजूला लपेटते. दोन दिवसांनी ऊन पडतं, ती वाळून दगडासारखी घट्ट बसते. बाहेरून गाडी धुतली तरी आतला थर तसाच राहतो. तीस ग्रॅम काय करतात ते आपण पाहिलं, आणि मातीचं एखादं ढेकूळ सहज त्याहून जड भरतो. पावसाळ्यात थरथर अचानक सुरू झाली असेल तर दुकानात जाण्याआधी चारही रिम आतून पाण्याच्या जोरदार फवाऱ्याने धुऊन घ्याव्यात. पुष्कळदा काम तिथेच संपतं.

दुसरं कारण निसटलेली वजनं. अ‍ॅलॉय रिमला ती आतून चिकटवलेली असतात. ती चिकटवण्याआधी रिम नीट पुसलेली नसेल तर काही दिवसांत गळून पडतात. जिथे वजन होतं तिथे स्वच्छ चौकोनी डाग दिसतो. पंक्चर बुजवायला टायरमध्ये ओतलेलं सीलंटही आत एका जागी साचतं, आणि बॅलन्सिंगच्या मशीनवर दर वेळी वेगळा आकडा दाखवतं.

गाडी महिनाभर एका जागी उभी असेल तर टायरचा जमिनीला टेकलेला भाग थोडा चपटा होतो. पंधरा-वीस किलोमीटर चालवल्यावर टायर गरम होऊन पुन्हा गोल होतो आणि थरथर जाते. तेवढं थांबून पाहावं, मग खर्च करावा.

बाहेरून घेतलेल्या अ‍ॅलॉय रिमची गोष्ट निराळी. रिमच्या मधलं भोक गाडीच्या हबपेक्षा मोठं असेल तर रिम नेमकी मध्यावर बसत नाही, केसभर एका बाजूला राहते. मशीनवर चाक निर्दोष दिसतं आणि गाडीवर थरथरतं, कारण मशीनचा शंकूच्या आकाराचा 'कोन' त्याला मध्यावर धरतो आणि गाडीचा हब धरत नाही. त्या फटीत बसणारी योग्य मापाची रिंग हा त्यावरचा उपाय आहे.

५. बॅलन्सिंग झालं, तरी थरथर आहेच

साधं बॅलन्सिंग मशीन वजनाचा दोष दाखवतं. आकाराचा दोष ते दाखवत नाही. खड्ड्यात आपटून रिमची कड वाकली असेल, तर वजनं लावून ते चाक मशीनवर शांत फिरेल, पण रस्त्यावर प्रत्येक फेरीला एकदा गाडी उचलेल. मिस्त्रीकडे यासाठी जुनी आणि बिनखर्चाची तपासणी आहे. चाक जॅकवर उचलायचं, रिमच्या कडेजवळ एक काडी किंवा स्क्रूड्रायव्हर स्थिर धरायचा आणि चाक हाताने सावकाश फिरवायचं. मधली फट सगळीकडे सारखी राहिली तर रिम सरळ आहे. फट कमी-जास्त झाली तर रिम 'आउट' आहे. हीच तपासणी टायरच्या रुंद पृष्ठभागावर केली की टायर गोल आहे की नाही तेही कळतं.

टायरच्या आत पोलादी तारांचे पट्टे असतात. त्यांचा चिकटलेपणा सुटला की टायरवर उंचवटा येतो. बाजूच्या भिंतीवर फुगा आला असेल तर आतले धागे तुटले आहेत असं समजावं. नागपूरच्या मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या वर जातो, सिमेंटचा रस्ता त्याहून तापतो, आणि अशा टायरचा भरवसा उरत नाही. फुगा असलेला टायर दुरुस्त होत नाही. टायरचं वय त्याच्याच भिंतीवर चार आकड्यांत लिहिलेलं असतं: २३२१ म्हणजे २०२१ सालचा तेविसावा आठवडा. कायद्याने मोटारीच्या टायरला किमान १.६ मिलिमीटर खोल नक्षी लागते, पण नक्षी शाबूत असलेला जुना टायरही आतून कडक आणि बेढब झालेला असू शकतो.

कुठलं चाक दोषी आहे हे शोधायला एक युक्ती मला सगळ्यात आवडते, कारण तिला मशीन लागत नाही. एका बाजूचं पुढचं चाक मागे आणि मागचं पुढे लावायचं. बाजू तीच ठेवायची, म्हणजे ज्या टायरवर फिरण्याच्या दिशेचा बाण असतो तोही उलटा होत नाही. मग वर्धा रोडने जामठ्यावरून बुटीबोरीकडे, वेगमर्यादा सांभाळून, एक फेरी मारायची. थरथर हातातून सीटमध्ये गेली तर दोषी चाक आता मागे आहे. काहीच बदललं नाही तर दुसऱ्या बाजूची चाकं अशीच बदलून पाहायची. तरीही फरक नाही, तर चाकं निर्दोष आहेत आणि शोध हब, सांधे, ड्राइव्ह शाफ्ट यांच्याकडे वळवायचा.

अलाइनमेंटचा या सगळ्यात वाटा आहे, पण आडवळणाचा. ते बराच काळ बिघडलेलं राहिलं की टायर खडबडीत झिजतो, आणि हा असमान टायर पुढे थरथर निर्माण करतो. तेव्हा अलाइनमेंट दुरुस्त केलं तरी झिजलेला टायर पुन्हा गोल होत नाही.

६. थरथर रस्त्याची तर नाही?

समृद्धीचा रस्ता सिमेंट काँक्रीटचा आहे, शहरातलेही अनेक मोठे रस्ते तसेच आहेत. काँक्रीटच्या रस्त्याला तडे जाऊ नयेत म्हणून साधारण साडेचार मीटरवर आडवे सांधे ठेवतात. ताशी १०० ला गाडी सेकंदाला सहा सांधे ओलांडते. चाक मात्र त्याच वेगाला चौदा वेळा फिरतं. म्हणजे सांध्यांचा ठेका चाकाच्या ठेक्याच्या निम्म्याहूनही मंद असतो: मोजता येईलसा 'धप-धप'. चाकाचा दोष मोजता येत नाही, तो सलग थरथरीसारखा लागतो. सांध्यांचा धक्का सगळ्या गाडीला बसतो, एकट्या स्टेअरिंगला नाही, आणि डांबरी रस्ता लागला की तो नाहीसा होतो. म्हणून चाचणीची फेरी शक्यतो गुळगुळीत डांबरावर घ्यावी.

७. ब्रेक दाबल्यावरच

इथे जागा बदलते. चालताना गाडी शांत, ब्रेक दाबला की स्टेअरिंग डावी-उजवीकडे झटके देतं, तर पुढच्या ब्रेकची डिस्क तपासायची. पेडलला आणि सीटला धक्के लागतात पण स्टेअरिंग शांत आहे, तर मागचे ड्रम पाहायचे.

चिखलदऱ्याहून परतवाड्याला उतरणाऱ्या गाड्यांना हा त्रास होण्याचं कारण समजून घेण्यासारखं आहे. चिखलदरा समुद्रसपाटीपासून सुमारे अकराशे मीटर उंच, आणि घाट सुमारे सातशे मीटर खाली उतरतो. माणसांसह बाराशे किलोची गाडी एवढी खाली आली की ८० लाख ज्यूलच्या वर ऊर्जा मोकळी होते. पंचवीस लिटर पाणी उकळीला आणायला साधारण एवढी लागते. गाडी खालच्या गिअरमध्ये असेल तर इंजिन त्यातला बराच वाटा शोषून घेतं. न्यूट्रलमध्ये किंवा वरच्या गिअरमध्ये उतरवली तर त्यातली बरीचशी ऊर्जा चार ब्रेकमध्ये उष्णता होऊन जाते, आणि तिचा मोठा हिस्सा पुढच्या दोन डिस्कवर.

"डिस्क वाकली" असं आपण म्हणतो, पण बहुतेक वेळा ती वाकलेली नसते. तापलेल्या पॅडचा लेप तापलेल्या डिस्कवर एखाद्या जागी जाड बसतो, ती जागा इतरांपेक्षा जास्त घासली जाते, जास्त तापते, आणि हळूहळू डिस्कची जाडी जागोजागी वेगळी होते. हा फरक मिलिमीटरच्या शंभराव्या भागांत मोजावा लागतो, डोळ्यांना दिसत नाही, पण पॅडला जाणवतो आणि हाताला कळतो. म्हणून घाट उतरल्यावर लगेच थांबून पाय ब्रेकवर दाबून ठेवू नये. शक्य असेल तर थोडं अंतर ब्रेक न वापरता सावकाश चालवून डिस्क निवू द्यावी. गरम डिस्कवर पाणी ओतणं तर टाळावंच. डिस्क लेथवर फेसिंग करून घेता येते, पण तिच्यावर कोरलेल्या किमान जाडीच्या खाली गेली तर नवीनच घ्यावी लागते.

करकचून ब्रेक दाबल्यावर पेडल पायाखाली फडफडतं, तो मात्र दोष नाही. एप्रिल २०१९ पासून नव्या मोटारींना सक्तीचं झालेलं एबीएस चाक जाम होऊ न देण्यासाठी ब्रेकचा दाब सोडत-धरत असतं.

८. अ‍ॅक्सिलरेटर आणि उभी गाडी

चढावर किंवा ओव्हरटेक करताना अ‍ॅक्सिलरेटर दाबला की थरथर, पाय काढला की शांत: हे ड्राइव्ह शाफ्टच्या आतल्या सांध्याचं लक्षण. बाहेरचा सांधा झिजला तर कमी वेगात पूर्ण वळताना कट-कट आवाज येतो. दोन्हींवर ग्रीस धरून ठेवणारं रबरी बूट असतं. ते फाटलं की ग्रीस बाहेर फेकलं जातं, धूळ आत शिरते आणि सांधा खाल्ला जातो. चाकाच्या आतल्या बाजूला ग्रीसचे शिंतोडे दिसले तर बूट तेव्हाच बदलावं. शाफ्टचा खर्च वाचतो.

उभ्या गाडीत स्टेअरिंग थरथरत असेल तर चाकांचा संबंधच नाही. इंजिनाचे रबरी माउंट तपासायचे. एसी लावल्यावर थरथर वाढते का, न्यूट्रलमध्ये रेस दिल्यावर बदलते का, ते पाहायचं. तीन सिलिंडरच्या इंजिनात, म्हणजे आपल्याकडच्या अनेक लहान गाड्यांत, मुळातच थोडी थरथर असते. गाडी नवी असताना होती तेवढीच असेल तर काळजी नको.

९. ढिले सांधे आणि ताडोब्याची जिप्सी

टाय रॉडची टोकं, बॉल जॉइंट, बेअरिंग ढिली झाली की ती सहसा थरथर स्वतः निर्माण करत नाहीत, पण लहान थरथर मोठी करतात. चाक जॅकवर उचलून डावी-उजवीकडून धरून हलवलं आणि खेळ जाणवला तर टाय रॉड किंवा रॅक पाहायचा. वर-खालून धरून हलवल्यावर खेळ असेल तर बॉल जॉइंट किंवा बेअरिंग. गाडीखाली मात्र नुसत्या जॅकच्या भरवशावर कधीही शिरू नये.

ढिलाईचं टोकाचं रूप ताडोबा-पेंचच्या सफारीत राबलेल्या मारुती जिप्सीच्या चालकांना माहीत आहे. जिप्सीची पुढची दोन्ही चाकं एकाच अखंड अ‍ॅक्सलला असतात. चाक ज्या खिळीवर वळतं त्या किंगपिनचं बेअरिंग किंवा टाय रॉड ढिला झाला की एका चाकाला खड्डा लागताच धक्का अ‍ॅक्सलमधून दुसऱ्या चाकाला जातो, तिथून परत येतो, आणि दोन्ही चाकं एका तालात डावी-उजवीकडे झपाट्याने फडफडू लागतात. त्याला ऐंशीचा वेग लागत नाही, चाळीस-पन्नासलाही होतं. जुन्या काळी बहुतेक मोटारींना असाच अ‍ॅक्सल असे आणि हा त्रासही असे. १९३४ मध्ये जनरल मोटर्सने आपल्या काही मोटारींना पुढे स्वतंत्र सस्पेन्शन दिलं, त्यामागच्या कारणांत हे फडफडणंही होतं. अशा वेळी स्टेअरिंग दोन्ही हातांनी घट्ट धरावं, ब्रेक करकचून न दाबता वेग उतरवावा, आणि कारण सापडेपर्यंत गाडी वापरू नये.

१०. लगेच थांबायचं केव्हा

हळूहळू वाढलेली, एका ठरावीक वेगालाच येणारी थरथर घेऊन गाव गाठता येतं, वेग कमी ठेवावा लागतो एवढंच. पण काही मिनिटांत अचानक सुरू झालेली आणि कमी वेगातही न थांबणारी थरथर असेल तर गाडी कडेला घ्यायची. टायरचा पट्टा सुटत असेल, हवा जात असेल किंवा चाकाचे नट ढिले झाले असतील. नुकतंच पंक्चर काढलं असेल, चाक बदललं असेल, सर्व्हिसिंग झालं असेल तर पहिला संशय नटांवरच घ्यावा.

नट आवळायचे ते एकापाठोपाठ एक नाही, समोरासमोरचे आळीपाळीने, म्हणजे रिम हबवर सपाट बसते. शेवटचा जोर चाक जमिनीला टेकवूनच द्यायचा. पान्यावर उभं राहून, पाय मारून आवळणंही नको. गाडीच्या पुस्तिकेत जोराचा आकडा दिलेला असतो आणि टायरच्या दुकानात टॉर्कचा पाना असतो, तो वापरायला सांगावा. चाक काढल्यावर पन्नास-शंभर किलोमीटर झाले की सगळे नट पुन्हा एकदा पान्याने तपासून घ्यावेत.